झाकलेली धूळ

इलेक्ट्रिशियनने वाकून पाइपाच्या जोडावर बोट ठेवलं. स्टीलचे दोन पाइप, मध्ये सिलिकॉनची रिंग, वरून आवळलेलं कडं. जोडाच्या अलीकडून पलीकडे गेलेली वीतभर हिरवी-पिवळी वायर, आणि तिथून दुसरी एक वायर खाली लोखंडी सांगाड्याला.

"ताई, वायर आहे ना? लग आहेत, बोल्ट घट्ट आहेत. आता बघा." त्याने मल्टिमीटरची एक पिन पाइपाला टेकवली, दुसरी सांगाड्याला. आकडा आलाच नाही. "सर्किट ओपन. वायर असून नसल्यासारखी."

कारण सापडायला पाच मिनिटं लागली. गेल्या महिन्यात ऑडिट होतं म्हणून सांगाड्याला नवा निळा रंग दिला होता. रंगाऱ्याने बोल्ट काढला, रंग मारला, तो सुकल्यावर बोल्ट जागच्या जागी बसवला. काम नीट केलं होतं त्याने. पण वायरीच्या लगखाली रंगाचा पातळ थर राहिला आणि रंगातून वीज जात नाही. इलेक्ट्रिशियनने खिशातून पॉलिश पेपरची घडी काढली, रुपयाएवढी जागा चकाकेपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला. आता आकडा एका ओहमच्या आत आला. "या लाइनीत असे एकतीस जोड आहेत," तो म्हणाला. "सगळ्या सांगाड्याला रंग एकाच दिवशी दिला होता."

त्या पाइपातून पिठीसाखर जाते. हवेच्या ओढीने, खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर, दिवसभर.

कारखाना पुणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत आहे. मुलांना दुधात घालून देतात ती चॉकलेटी पावडर इथे तयार होते. दूध पावडर, पिठीसाखर, कोको, माल्ट. नाव छापायचं नाही या अटीवर मालकांनी मला दोन दिवस हवं तिथे फिरू दिलं. आत शिरताना डोक्याला जाळी आणि पायांत पांढरे बूट घालावे लागतात, घड्याळ-अंगठी बाहेर ठेवावी लागते. फरशी अशी की पंगत बसवावी. पोती फोडायचं एक टेबल सोडलं तर पावडर कुठे दिसतच नाही. सगळा माल पाइपांतून, हॉपरांतून, झाकणांखालून फिरतो. मी शोधायला आले होते धूळ, आणि इथे तिचा मागमूस नव्हता.

गिरणीतला नियम

अंकाचा विषय 'धूळ' आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला आमची गिरणी आठवली. तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडच्या मागे वडिलांची पिठाची गिरणी होती. तिथे एक नियम कुणालाही मोडता यायचा नाही: गिरणीत बिडी नाही, काडी नाही. दळण घेऊन आलेला पाटील असो की हमाल, बिडी उंबऱ्याबाहेर विझवूनच आत यायचा. दर अमावास्येला गिरणी बंद असायची. त्या दिवशी वडील तोंडाला पंचा बांधून शिडीवर चढत आणि वाशांवर, पट्ट्याच्या चाकामागे, वायरींवर बसलेलं पीठ काढत. झाडून नव्हे, ओल्या फडक्याने पुसून. मी खाली बादली धरून उभी. "झाडलं की उडतं," ते म्हणायचे, "आणि उडालेलं पीठ खाण्याचं राहत नाही." लक्ष्मीपूजनाला घरी केरसुणीची पूजा व्हायची. गिरणीत मात्र त्या बादलीला आणि फडक्याला हळदकुंकू लागायचं.

वडील चौथीपर्यंत शिकलेले. त्यांना हे कुणी सांगितलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत. त्यांच्या त्या वाक्यात किती शास्त्र होतं, ते मला या लेखासाठी फिरताना कळत गेलं.

उडालेलं पीठ

कोकणात दशावतार पाहिलेल्याला हे निराळं समजावून सांगावं लागत नाही. राक्षसाच्या प्रवेशाला पेटत्या मशालीवर राळेची पूड उधळतात आणि भक्कन् जाळ उठतो. त्याच राळेचा खडा मशालीवर धरला तर तो धुरकटत, वितळत, सावकाश जळेल. वस्तू तीच. फरक फक्त हवेच्या भेटीचा.

साखरेचा एक सेंटिमीटरचा चौकोनी खडा घ्या. त्याला हवा लागते ती सहा चौरस सेंटिमीटरवर. तोच खडा दळून त्याचे मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढे कण केले तर हवा लागण्याची जागा बाराशे चौरस सेंटिमीटर होते. साखर तेवढीच आहे, पण आता ती एकदम पेटू शकते. पीठ, दूध पावडर, कोको, हळद, स्टार्च, लाकडाचा भुसा, गंधक, औषधाच्या गोळीतली बहुतेक द्रव्यं, ॲल्युमिनियमची पूड, या सगळ्यांना हाच न्याय. मीठ आणि चुन्यासारख्या वस्तू यातून सुटतात, कारण त्या जळत नाहीत.

पण नुसतं जळणं म्हणजे स्फोट नव्हे. त्याला पाच गोष्टी एका जागी याव्या लागतात. जळणारी पावडर, हवा आणि ठिणगी या तीन आपल्याला चुलीवरूनच माहीत आहेत. चौथी म्हणजे पावडर उडालेली हवी, आणि पाचवी म्हणजे ती कोंडलेली हवी. उघड्यावर पेटलेला ढग भपकतो आणि विझतो. तोच डब्यात, पाइपात, खोलीत पेटला तर तापलेल्या हवेला जायला वाट नसते. बहुतेक अन्नपदार्थांच्या पावडरी बंद भांड्यात पेटल्या तर दाब वातावरणाच्या सात ते दहा पट चढतो. विटांची साधी भिंत पाडायला त्यातला अर्धा बारही, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या निम्माही, पुरतो.

किती पावडर लागते? माझी कल्पना होती की समोरचं दिसेनासं होईल इतकी उडावी लागत असेल. कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी कागदावर हिशेब करून दाखवला. पाच मीटर उंच खोली. जमिनीवर एक मिलिमीटर पिठाचा थर, म्हणजे बोटाने रेघ ओढता येईल एवढाच. एका चौरस मीटरवर ते अर्धा किलो भरतं. सगळं उडालं तर खोलीतल्या प्रत्येक घनमीटर हवेत शंभर ग्रॅम. आणि पुष्कळशा पावडरी तीस ते साठ ग्रॅमलाच पेट घेतात. मग त्यांनी पाइपाचा हिशेब मांडला. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात आतून नुसता कागदाच्या जाडीचा, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा थर धरला तरी तो उडाल्यावर घनमीटरला एक किलो होतो. पाइपात थर कमी लागतो, कारण भिंत चहूबाजूंनी आहे आणि मधली जागा थोडी.

धुळीच्या स्फोटाची पहिली सविस्तर नोंद इटलीतल्या तुरिन शहरातली आहे. १४ डिसेंबर १७८५ च्या संध्याकाळी एका पाववाल्याच्या कोठारात पोरगा दिव्याच्या उजेडात पीठ उकरत होता. वरच्या खोलीतलं पीठ एकदम खाली कोसळलं, त्याची धूळ उठली आणि दिव्यावर पेटली. काउंट मोरोझ्झो नावाच्या गृहस्थांनी ते सगळं तपासून लिहून ठेवलं. त्याला आता दोनशे चाळीस वर्षं झाली.

पोर्ट वेंटवर्थचा पट्टा

या विषयातल्या कुणाशीही बोललं की पंधरा मिनिटांत एक नाव येतं: पोर्ट वेंटवर्थ. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, सव्हाना नदीच्या काठी, इम्पिरियल शुगर कंपनीचा साखर शुद्धीकरणाचा कारखाना. १९१७ पासून चालू असलेला.

तिथे साखरेच्या तीन उंच कोठ्या होत्या. कोठ्यांखालच्या बोगद्यातून स्टीलचा सरकता पट्टा जायचा. कोठीतून साखर पट्ट्यावर पडायची आणि पुढे पॅकिंगकडे जायची. हा पट्टा वर्षानुवर्षं उघडा होता. बोगदा मोठा होता, हवा खेळती होती, त्यामुळे उडालेली धूळ पांगून जायची. २००७ मध्ये कंपनीने पट्ट्याला स्टीलच्या पत्र्यांचं आवरण बसवलं. हेतू चांगला होता. वरून काही पडून साखरेत मिसळू नये, माल शुद्ध राहावा. पण त्या पेटीतून धूळ ओढून घेण्याची सोय केली नाही, आणि दाब वाढला तर तो बाहेर पडायला झडपही ठेवली नाही. कोठीच्या तोंडाशी साखरेचे गठ्ठे अडकायचे, साखर पट्ट्यावरून सांडायची आणि तिची धूळ आता पेटीतच कोंडून राहायची.

७ फेब्रुवारी २००८. संध्याकाळी सव्वासातचा सुमार. पेटीत धुळीचा ढग होता आणि काहीतरी तापलं. सर्वांत जास्त शक्यता तापलेल्या बेअरिंगची, असं अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने पुढच्या वर्षी अहवालात म्हटलं. पहिला स्फोट पेटीतला होता. तो एकटाच असता तर बोगद्यापुरतं नुकसान होऊन निभावलं असतं. पण त्याच्या धक्क्याने चार मजली पॅकिंग इमारतीतल्या तुळयांवर, यंत्रांच्या माथ्यावर, जमिनीवर साचलेली साखरेची धूळ उडाली आणि मागून आलेल्या जाळाने ती पेटली. मग दुसरा, तिसरा, मजल्यामागून मजला. काँक्रीटच्या जमिनी उचकटल्या गेल्या. चौदा माणसं गेली, छत्तीस जखमी झाली. कित्येकांची कातडी भाजून निघाली होती आणि काही जण त्यानंतर जळितांच्या रुग्णालयात दगावले. कोठ्यांमधली साखर पुढे आठवडाभर धुमसत राहिली.

मला या हकिकतीतली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी वाटते. साखरेची धूळ पेटते, हे त्या कारखान्यात ठाऊक होतं. १९६७ पासूनची त्यांची अंतर्गत पत्रं चौकशीत सापडली, त्यांत व्यवस्थापकांनी याची काळजी व्यक्त केलेली होती. तिथे अज्ञान नव्हतं, सवय होती. नव्वद वर्षं काही झालं नाही, म्हणजे होणार नाही.

ज्या मजल्यावर मी उभी होते तिथला पाइप म्हणजे तसाच झाकलेला पट्टा आहे. माल शुद्ध राहावा म्हणून झाकलेला, कामगाराच्या छातीत धूळ जाऊ नये म्हणून झाकलेला. ही दोन्ही कारणं खरी आहेत आणि मोलाची आहेत. पूर्वी इथे आठ माणसं खांद्यावर पोती घेऊन हॉपरमध्ये ओतायची. संध्याकाळी त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या असायच्या. त्यांतला एक जण आता कंट्रोल पॅनलसमोर बसतो. "तेव्हा रात्री खोकला यायचा, आता नाही येत," तो म्हणाला. यंत्र नको असं म्हणणाऱ्याने आधी त्याच्याशी बोलावं.

पण धूळ गेलेली नाही. ती माणसाच्या नजरेतून यंत्राच्या पोटात गेली आहे.

यंत्राच्या पोटात

पोतं फोडण्याच्या टेबलापासून आपण माल जातो त्या वाटेने जाऊ.

टेबलाला जाळी आहे, जाळीखाली चुंबक. पोत्यातून खिळा, तारेचा तुकडा, चाकूचं पातं असं काहीही येऊ शकतं आणि पुढच्या फिरत्या यंत्रात ते घासलं की ठिणगी. शिफ्ट इन्चार्ज मॅडमनी मला चुंबकाखालचा ट्रे ओढून दाखवला. त्यात दोन स्टेपल पिना आणि एक वॉशर होता. "हा वॉशर पोत्यातला नाही," त्या म्हणाल्या. "हा आमच्याच यंत्राचा आहे. कुठून निखळला ते सापडेपर्यंत मला झोप नाही."

पुढे पाइप. पावडर वेगाने पाइपाच्या भिंतीला घासत जाते आणि घासण्याने स्थिर वीज तयार होते. हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच. पाइप जमिनीशी जोडलेला असेल तर ही वीज वाहून जाते. पण दोन पाइपांमध्ये सिलिकॉनची रिंग आली की मधला तुकडा एकटा पडतो. त्यात वीज साठत राहते आणि एका क्षणी शेजारच्या तुकड्यावर उडी मारते. हिरव्या-पिवळ्या वायरीचं काम एवढंच, कुठलाही तुकडा एकटा पडू द्यायचा नाही. माणूसही एकटा पडलेला तुकडाच असतो. रबरी तळव्याच्या बुटात उभ्या माणसाच्या अंगातून वीस-तीस मिलिज्यूलची ठिणगी निघू शकते आणि काही पावडरींना दहासुद्धा पुष्कळ होतात. म्हणून इथले पांढरे बूट नुसते स्वच्छतेचे नाहीत, त्यांचा तळवा वीज जमिनीत सोडणारा आहे.

दूध पावडर जम्बो बॅगेतून येते, हजार किलोची एकेक. जम्बो बॅगा दिसायला सारख्या, पण त्यांच्या ए, बी, सी, डी अशा चार जाती आहेत. सी जातीच्या कापडात वीज वाहणारे धागे विणलेले असतात आणि त्यांना जमिनीशी जोडणारी क्लिप लावावीच लागते. क्लिप न लावलेली सी बॅग साध्या बॅगेहून वाईट, कारण धाग्यांत साठलेली सगळी वीज एकाच ठिणगीत बाहेर पडते. क्लिप लागल्याशिवाय खालची झडप उघडणार नाही, अशी सोय या कारखान्यात आहे. दुसऱ्या एका ठिकाणी मी वेगळं पाहिलं. तिथे जुन्या पद्धतीची क्लिप होती आणि ती बॅगेऐवजी कायमची सांगाड्यालाच अडकवून ठेवली होती. दिवा हिरवा. सगळं बरोबर असल्याचं पॅनल सांगत होतं. क्लिप लावायला प्रत्येक बॅगेला अर्धं मिनिट जातं आणि पाळीला साठ बॅगा व्हायलाच हव्यात. मी त्या पोराला दोष देणार नाही. साठचा आकडा ज्याने ठरवला त्याने ही अर्धी मिनिटं मोजली नव्हती.

हॉपरला पोचे पडलेले होते. माल तुंबला की हातोडीने ठोकतात, त्याचे. मॅडम म्हणाल्या, प्रत्येक पोचा म्हणजे एक तक्रार आहे, जी कुणी लिहिली नाही. ठोकल्याने भिंतीला चिकटलेला थर एकदम सुटून खाली येतो. तुरिनच्या कोठारात वरून पीठ कोसळलं होतं, तसाच. आता त्यांनी हॉपरला हलवणारी मोटर बसवून घेतली आहे आणि हातोडी भिंतीवरच्या खिळ्यावरून काढली आहे.

वाटेच्या शेवटी फिल्टर. पाइपातून आलेली हवा इथे गाळून बाहेर सोडतात, म्हणजे सगळ्यात बारीक, सगळ्यात कोरडी धूळ इथे गोळा होते. दर काही सेकंदांनी हवेचा फटकारा बसून पिशव्यांवरची धूळ झडते. उडालेली, कोंडलेली, बारीक, दिवसभर. पाचांपैकी चार गोष्टी फिल्टरमध्ये कायम हजर असतात. म्हणून फिल्टरच्या एका बाजूला मुद्दाम दुबळा पत्रा बसवतात. दाब वाढला की तो आधी फाटावा आणि जाळ ठरलेल्या दिशेला जावा. इथे तो इमारतीच्या मागच्या भिंतीतून बाहेर उघडतो. बाहेर पिवळे पट्टे मारलेली मोकळी जागा आहे आणि तिथे उभं राहायला बंदी आहे.

"तीन वर्षांपूर्वी इथे मोटारसायकली लागायच्या," सुरक्षा अधिकारी म्हणाले. सावली होती म्हणून. पाळी बदलताना तिथे तीसेक माणसं असायची. एक घनमीटरच्या लहानशा फिल्टरमधून निघणारा जाळही हिशेबाला दहा मीटर धरतात. दुबळा पत्रा बसवणाऱ्याने बरोबर बसवला होता, पार्किंग आखणाऱ्याने सावली बघितली होती. दोघांची गाठ कधी पडली नव्हती.

आणखी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते. फिल्टरमध्ये स्फोट झाला आणि पत्रा फाटला, तरी जाळ ज्या पाइपाने माल आला त्या पाइपाने उलटाही धावतो. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला पोतं फोडणारा माणूस उभा आहे. म्हणून मध्ये उलट जाळ अडवणारी झडप लागते, किंवा फिरती झडप लागते, जिच्या पात्यांची फट मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नसावी. पाती झिजतात, फट वाढते. पत्रा सगळ्यांना दिसतो म्हणून बसवला जातो. झडपेची फट फीलर गेज घालून मोजावी लागते, ती कोण मोजतं, हे मी विचारत गेले. या कारखान्यात त्याची वही होती.

नेमप्लेटवरचा षट्कोन

भोसरीत अशी यंत्रं बनवणारे एक उद्योजक आहेत. त्यांचा निम्मा माल युरोपात जातो. त्यांच्या शेडमध्ये दोन हॉपर शेजारी शेजारी उभे होते, एक जर्मनीला जाणारा, एक आपल्याकडचा. जर्मनीच्या हॉपरच्या नेमप्लेटवर षट्कोनात 'एक्स' अशी खूण होती आणि पुढे आतल्या व बाहेरच्या भागासाठी वेगवेगळी श्रेणी.

"जर्मनीचा गिऱ्हाईक पहिल्या मेलमध्ये पावडरचा रिपोर्ट पाठवतो," ते म्हणाले. "आपला गिऱ्हाईक पहिल्या मेलमध्ये किंमत विचारतो."

हा रिपोर्ट म्हणजे काय? वीस लिटरचा पोलादी गोळा असतो. त्यात तुमची पावडर वीस बार दाबाच्या हवेने फुंकतात आणि मधोमध दहा हजार ज्यूलच्या रासायनिक काड्यांनी पेटवतात. दाब किती चढला, किती वेगाने चढला, ते मोजतात. वेगाच्या आकड्यावरून पावडरीचे वर्ग ठरतात. साखर, पीठ, दूध पावडर पहिल्या, सौम्य समजल्या जाणाऱ्या वर्गात. पोर्ट वेंटवर्थची साखरही याच वर्गातली. शिवाय कमीत कमी किती ऊर्जेच्या ठिणगीने पेटते, किती तापलेल्या पत्र्यावर थर धुमसतो, हेही पाहतात. पाच मिलिमीटरचा थर ज्या तापमानाला धुमसतो, त्याहून यंत्राचा पृष्ठभाग निदान पंचाहत्तर अंशांनी थंड राहावा, असा दंडक आहे. हे आकडे पुस्तकातून उचलून चालत नाहीत. तुमची पावडर किती बारीक, किती कोरडी, यावर ते बदलतात.

युरोपात यासाठी दोन कायदे आहेत, ॲटेक्स या एकाच नावाने ओळखले जाणारे. १९९९ चा कायदा कारखाना चालवणाऱ्याला बांधतो, २०१४ चा यंत्र बनवणाऱ्याला. अमेरिकेत धुळीचे वेगवेगळे मानक-ग्रंथ आता एनएफपीए ६६० या एकाच ग्रंथात आणले आहेत. तिथे सगळ्या उद्योगांना लागू होईल असा धुळीचा केंद्रीय नियम करण्याचं काम २००९ मध्ये, पोर्ट वेंटवर्थनंतर सुरू झालं आणि २०१७ मध्ये गुंडाळलं गेलं. त्याआधीच केमिकल सेफ्टी बोर्डाने मोजलं होतं की १९८० ते २००५ या काळात धुळीच्या २८१ दुर्घटनांमध्ये ११९ माणसं गेली.

आपल्याकडे काहीच नाही, असं पुष्कळ जण मला सांगत होते. ते खरं नव्हतं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३७ होतं. पेटणारी धूळ असेल तर यंत्र बंदिस्त करा, धूळ साचू देऊ नका, ठिणगीची साधनं दूर ठेवा. आणि लगेच पुढच्या पोटकलमात होतं की यंत्र स्फोटाचा दाब सोसण्याइतकं मजबूत नसेल तर त्याला झडपा, अडसर, दाब सोडणारी द्वारं ठेवा. नुसतं झाकून भागत नाही, हे देश नुकता स्वतंत्र झालेला असताना कायदा लिहिणाऱ्यांना कळलं होतं. पोर्ट वेंटवर्थमध्ये त्यातलं फक्त बंदिस्त करणं तेवढं झालं, बाकीचं राहिलं.

कमी आहे ती वेगळीच. भोसरीच्या उद्योजकांनी एक मोटर दाखवली. तिच्यावर फ्लेमप्रूफ असा शिक्का होता. पेट्रोलियम आणि स्फोटकांचं नियमन करणाऱ्या नागपूरच्या पेसो कार्यालयाची मान्यता असलेली, रीतसर. पण ती गॅससाठीची. गॅसच्या मोटरचं तत्त्व असं की आत स्फोट झाला तरी तो बाहेर येऊ द्यायचा नाही. धुळीच्या मोटरचं तत्त्व निराळं, धूळ आत जाऊच द्यायची नाही आणि मोटरचं अंग तापू द्यायचं नाही. "गिऱ्हाईक म्हणतो फ्लेमप्रूफ द्या, आम्ही देतो. पावडरच्या लाइनीला ती मोटर लागते. कागद सगळे बरोबर असतात." मोटर, सेन्सर, झडप, प्रत्येकाचं वेगळं प्रमाणपत्र फाइलला असतं. ती सगळी एका सांगाड्यावर जोडल्यावर जे यंत्र तयार होतं त्याचा विचार कुणी केला, हा प्रश्न फाइल विचारत नाही.

छताच्या वर

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी शिडी मागवली. पॅकिंग हॉलला फॉल्स सीलिंग आहे, गुळगुळीत, पांढरं. त्यातली एक चौकट वर ढकलून त्यांनी टॉर्च आत धरला आणि मला वर बोलावलं.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या किन्स्टन गावी जानेवारी २००३ मध्ये औषधांसाठी रबरी वस्तू बनवणारा एक कारखाना स्फोटात गेला. सहा माणसं दगावली. तो कारखाना अतिशय स्वच्छ होता, येता-जाता फरशी पुसत. रबराला लावायच्या प्लास्टिक पावडरीची धूळ हवेबरोबर वर जाऊन टांगलेल्या छताच्या माथ्यावर साचत गेली होती. खालून कुणाला दिसली नाही. मॅडमना ही हकिकत ठाऊक होती. ३० जून २०२५ ला तेलंगणात पाशमायलारमला, गोळ्यांमध्ये भर म्हणून घालतात ती सेल्युलोजची पावडर बनवणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला, इमारत कोसळली, चाळीसहून अधिक माणसं गेली. बहुतेक पोटासाठी दूरदूरच्या राज्यांतून आलेली. मॅडम आधी औषध कारखान्यात होत्या, तीच पांढरी पावडर त्यांनी सहा वर्षं हाताळली होती. त्या आठवड्यापासून आपण शिडी चढायला लागलो, असं त्यांनी मला सांगितलं.

टॉर्चच्या उजेडात केबल ट्रे दिसत होता. फिकट तपकिरी. मॅडमनी बोटाने त्यावर रेघ ओढली. रेघेखालून ट्रेचा खरा रंग निघाला, राखाडी. "मूळ रंग दिसेनासा झाला की जास्त झालं, एवढं आमच्यासाठी पुरे," त्या म्हणाल्या. वास दुधाचा आणि चॉकलेटचा येत होता. मला वडिलांच्या सदऱ्याचा वास आठवला.

खाली उतरून त्यांनी घड्याळ बघितलं. चार वाजले होते. दिवाळीच्या आधीचे दिवस, मालाच्या गाड्या फाटकावर उभ्या. त्यांनी प्लँट मॅनेजरना फोन लावला. "सर, पॅकिंग थांबवतेय. सीलिंग साफ करायचंय. नाही सर, रविवारपर्यंत नाही." पलीकडचं बोलणं मला ऐकू आलं नाही, पण ते बराच वेळ चाललं. मॅडम मध्ये मध्ये "हो सर" म्हणत होत्या आणि दुसऱ्या हाताने शिडीकडे माणसं बोलावत होत्या.

झाडू कुणी आणला नाही. हवेच्या नळीने फुंकायलाही बंदी होती. धुळीसाठी बनवलेला, जमिनीशी जोडलेला व्हॅक्यूम क्लीनर आला आणि पाण्याच्या दोन बादल्या आल्या. कॉन्ट्रॅक्टवरची चार पोरं वर चढली. त्यांतला एक मूळचा बीडचा, पहिल्यांदाच वर जात होता. मॅडमनी त्याला आधी टॉर्च दिला आणि काय पुसायचं, काय हलवायचं नाही, ते समजावून सांगितलं. का पुसायचं, तेही सांगितलं. मी खाली बादली धरून उभी राहिले.

शेजारच्या हॉलमधून इलेक्ट्रिशियनचा आवाज आला. तो सकाळपासून पॉलिश पेपर घेऊन एकेका जोडावर बसला होता. "मॅडम, अठरा झाले. तेरा राहिले. लाइन बंदच आहे, तर आजच उरकतो."